शेषरावांच्या डोळ्यांचं पाणी

उकंडराव तहसीलदारांच्या निरोपाला कोणी रडेल अशी पुसटशी शंकासुद्धा कचेरीत कोणाला नव्हती. उलट त्या दिवशी चपराशी तुळशीरामानं आपणहून अंगण झाडलं होतं, आणि तुळशीरामानं आपणहून काही केल्याचं कचेरीच्या इतिहासातलं ते एकमेव उदाहरण. पेढे आले होते. सनईवाला बोलवायचाही विचार झाला होता, पण नाझर रंगराव म्हणाले, "सनई राहू द्या बाप्पा. आनंद इतका उघडा पडला तर बरं नाई दिसत."

अशा त्या समारंभात शेषराव कारकून ढसाढसा रडले.

ही गोष्ट वऱ्हाड मध्यप्रांताच्या घरात नांदत होतं तेव्हाची. नांदत होतं म्हणजे दोन्ही घरं एकमेकांबद्दल तक्रार करत आणि जेवायला एकत्र बसत. बुलढाणा जिल्ह्याचे तेव्हाही दोन भाग होते, घाटाखालचा आणि घाटावरचा, आणि घाटाखालच्या माणसाची बदली घाटावर झाली की त्याला निरोप देताना लोक उगाचच आवाज खाली आणत. अंतर तसं फार नव्हतं. सर्व्हिस मोटर सकाळी निघे आणि तिच्या मनात असलं तर संध्याकाळपर्यंत पोचेही. उकंडराव साहेबांची बदली घाटावर झाली आणि घाटाखालच्या त्या तालुक्याच्या गावात लोक एकमेकांना न विचारता चहा पाजू लागले.

साहेब वाईट नव्हते. साहेब फक्त कोणालाच आवडत नसत. दौतीतली शाई किती उरली ते पाहत, टाकाची निब बोटावर घासून बघत, आणि दहा मिनिटं उशीर झालेल्या माणसाला उशिराचं कारण सगळ्या कचेरीसमोर मोठ्यानं सांगायला लावत. रंगरावांनी एकदा 'हगवण' हे कारण असं तीनदा सांगितलं होतं. साहेबांची बायको जाऊन बारा वर्षं झाली होती. मूलबाळ नाही. संध्याकाळी साहेब एकटेच नाल्यापर्यंत फिरायला जात, आणि वाटेत दिसलेला माणूस दुसऱ्या वाटेला लागे.

मग शेषराव का रडले? त्याला कारण एक बकरी.

पूर्वी कधीतरी डिप्टी कमिशनर साहेबांचा दौरा होता. भाषणं रंगली असताना टेबलाखाली ठेवलेले हार एका बकरीनं आत येऊन शांतपणे खाल्ले, आणि आयत्या वेळी साहेबांच्या गळ्यात तुळशीरामाच्या घरून आणलेली झेंडूची एक वाळकी माळ पडली. तेव्हापासून कचेरीत रिवाज पडला की समारंभ संपेपर्यंत हारांची टोपली एका जबाबदार माणसानं मांडीवर घेऊन बसायचं. 'जबाबदार' हा शब्द शेषरावांच्या वाट्याला गेली चार वर्षं येत होता. या शब्दाबरोबर बढती येत नाही, टोपली येते, हे त्यांना पहिल्या वर्षीच कळलं होतं; पण तोंडावर कोणी जबाबदार म्हटलं की त्यांना नाही म्हणता येत नसे.

एरवी टोपलीत झेंडू असायचा. पण मार्गशीर्ष लागला होता, मोताळ्याच्या बाजारातून पिवळ्याधमक शेवंतीची रास आली होती, आणि उकंडराव जाणार म्हणून हार एरवीच्या दुप्पट झाले होते. शेषराव नाकापर्यंत शेवंतीत बुडून बसले. पहिल्या भाषणाला डोळे खाजले. दुसऱ्या भाषणाला त्यांनी ते चोळले. तिसरं भाषण रंगरावांचं. "साहेबांचे उपकार आम्ही जन्मभर..." एवढं म्हणून रंगराव पुढचं आठवू लागले आणि त्या शांततेत शेषरावांच्या नाकातून एक हुंदक्यासारखा आवाज निघाला.

सगळ्यांनी माना वळवल्या. शेषरावांचे डोळे लाल गुंज झाले होते. गालांवरून पाणी ओघळून शेवंतीवर पडत होतं. दोन्ही हात टोपलीत अडकलेले, त्यामुळे पुसताही येईना.

उकंडराव साहेब उठून उभे राहिले.

"एकतीस वर्षं नोकरी केली," ते म्हणाले. "अकरा गावं झाली. माणूस रडलेला आजच पाहतो आहे." मग म्हणाले, "शेषरावला मी माझ्यासोबत घाटावर मागून घेतो."

टाळ्या पडल्या. सर्वांत जोरात टाळ्या रंगराव वाजवत होते, कारण शेषरावांची खिडकीजवळची खुर्ची आता रिकामी होणार होती.

घरी बातमी शेषरावांच्या आधी पोचली होती. अन्नपूर्णाबाई दारातच उभ्या होत्या.

"रडले म्हने तुमी?"

"अवं, रडलो नाई. डोये खाजले."

"माहा बाप गेला तवा तुमचे डोये खाजले नाई ते! तवा तर तिसऱ्या दिवशी भजी मांगतली होती तुमी."

शेषरावांना ती भजी आठवली. चांगली झाली होती.

"मी सांगून ठेवतो," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. त्या रागावल्या की वऱ्हाडी बायकांसारख्या 'सांगतो', 'करतो' म्हणत, आणि तेव्हा गल्लीतली कुत्रीसुद्धा वाट सोडत. "सहा गावं फिरली तुमच्या मांगं. सहाइत माही दळाची सहा जाती फुटली. आता हा रांजन मी गळ्यावरी जमिनीत पुरला हाय. तो निंगत नाई अन् मीबी निंगत नाई. जाचं असन तर जा, अन् खानावळीत खा."

तिथून शेषरावांची झोप उडाली. खानावळीत त्यांनी लग्नाआधी दोन वर्षं काढली होती. तिथल्या वरणात दाळ शोधायला ते जवळचा चष्मा लावून बसत, असं ते सांगत. पण ते बाजूला ठेवू. खरी गोष्ट अशी की या गावात शेषरावांचं बूड प्रथमच टेकलं होतं. घर मनासारखं होतं. आणि संध्याकाळी दिवेलागणीला अब्दुल गनी पिंजाऱ्याच्या दुकानाच्या ओट्यावर बुद्धिबळाचा पट पडे. अब्दुल गनी दिवसभर धनुकली टणटण वाजवत कापूस पिंजायचा, आणि संध्याकाळी त्याच शांतपणे शेषरावांचा वजीर मारायचा. खैरुन्निसा भाभी आतून चहा पाठवायच्या. दोघं हरल्याजिंकल्याचा हिशोब ठेवत नसत, म्हणून दोघंही आपणच पुढं आहोत असं समजत. ते ओटे, ते कंदील, कामधाम नसलेल्या त्या संध्याकाळी! माणसाजवळ तेव्हा वेळ इतका होता की दुसऱ्याचं दुखणं तो स्वतःच्या अंगावर घेऊन बसे.

शेषरावांच्या डोळ्यांचं तेच झालं. डोळे कशानं आले हे सिद्ध झालं तर रडणं खोटं ठरेल आणि बदली टळेल, एवढा साधा बेत त्यांनी केला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो बेत गावाच्या ताब्यात गेला.

डोळे आलेल्या माणसाकडे पाहिलं की आपलेही येतात, अशी सर्वांची खात्री. त्यामुळे लोक शेषरावांना सल्ला द्यायला येत आणि भिंतीकडे तोंड करून देत. रंगराव म्हणाले, तळपायाला तूप चोळा. शेषरावांनी चोळलं आणि ओसरीवरून घसरून पायरीपर्यंत बसल्या बसल्या गेले. दोन दिवस ते कचेरीत उभ्यानं काम करत होते, आणि साहेब येता-जाता पाहत होते की आपण जाणार या दुःखात हा माणूस खुर्चीवरसुद्धा टेकत नाही. खैरुन्निसा भाभींनी सुरमा पाठवला. तो लावून शेषराव कचेरीत गेले तेव्हा तुळशीरामानं विचारलं, "साह्यब, नाटकात काम हाय का?"

दरम्यान कोणीतरी पुडी सोडली की हे सगळं पिंजाऱ्याच्या कापसानं होतं. अब्दुल गनी भडकला.

"तीन पिढ्या कापूस पिंजून राह्यलो बे आमी! माहा दादा पिंजता पिंजता म्हातारा झाला, त्याले कधी शिंक नाई आली. अन् तू मह्या कापसाचं नाव घेतं?"

"मी नाई घेतलं, गनीभाऊ. लोक म्हनते."

"लोकाइले काय! ये, बस इथं. पाहू दे कोनाच्या डोयातून पानी येते ते."

शेषराव दुपारभर धनुकलीसमोर बसले. कापसाचे पुंजके नाकाकानात गेले, भुवया पांढऱ्या झाल्या, वाटसरूंनी शेषरावांचे वडील आले काय म्हणून चौकशी केली. डोळे मात्र कोरडे ठणठणीत राहिले. अब्दुल गनीची अब्रू वाचली. शेषरावांची मात्र पंचाईत वाढली, कारण आता दोषी कोण तेच कळेना.

मग शेजारच्या मनकर्णाबाई आल्या. मनकर्णाबाईंना गल्लीत मान होता; त्यांच्या औषधानं बरं झालेलं माणूस कोणी पाहिलं नव्हतं, पण त्यांच्या औषधाला नाही म्हणणारंही कोणी पाहिलं नव्हतं.

"डोयात उष्णता शिरली शेषरावभाऊच्या," त्या भिंतीला सांगू लागल्या. "थंड फूल पायजे. फुलाचा लगदा करा, दुधात भिजवा, अन् डोयावर बांधून निजा. सक्काळी कसे लखलख होते पाहा."

"कोनतं फूल?" अन्नपूर्णाबाईंनी विचारलं.

"मी आनलं ना. समारंभातलं उरलं होतं, तुळशीरामानं देल्लं. शेवंती."

दोन मुठी शेवंती दुधात भिजून शेषरावांच्या दोन्ही डोळ्यांवर घट्ट बसली. वर लाल फडकं. घटकाभरानं शेषराव म्हणाले, "खाजून राह्यलं." मनकर्णाबाई म्हणाल्या, "म्हंजे लागू पडलं." आणखी घटकाभरानं शेषराव ओरडले. फडकं सोडलं तर डोळे नव्हतेच. डोळ्यांच्या जागी दोन टम्म गुलाबजाम होते आणि त्यांच्या फटीतून पाणी वाहत होतं.

नेमके त्याच वेळी उकंडराव साहेब दारात उभे राहिले. चार्ज देण्या-घेण्यात त्यांचा तो आठवडा चालला होता. सामानाची बांधाबांध कशी करायची ते सांगायला ते स्वतः आले होते. त्यांनी शेषरावांकडे पाहिलं. छत्री भिंतीला टेकवली.

"अरे," ते हळूच म्हणाले, "इतकं?"

"साहेब, ते फूल..." शेषराव बोलू लागले, पण नाक बंद झाल्यानं ते वाक्य कोणालाही हुंदक्यासारखंच ऐकू आलं असतं.

"बोलू नकोस. रडून रडून डोळे गेले तुझे." साहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात कुणाच्या खांद्यावर ठेवायची सवय नसलेला होता. कागदावर वजन ठेवावं तसा ठेवला गेला. "बुलढाण्याला डिप्टी कमिशनर साहेबांना कळवलं आहे मी. काळजी करू नको. मी तुला इथं टाकून जात नाही."

साहेब गेल्यावर अन्नपूर्णाबाईंनी दुधातली शेवंती उचलली, मनकर्णाबाईंच्या पदरात बांधली, आणि नवऱ्याला हाताला धरून सरकारी दवाखान्यात नेलं.

दवाखान्यात डॉक्टर फारुख होते. नागपूरला शिकून नुकतेच आलेले, तरुण, आणि गावाच्या मते म्हणून अपुरे. त्यांनी शेषरावांच्या डोळ्यांकडे सरळ पाहिलं. चार दिवसांत शेषरावांकडे सरळ पाहणारा तो पहिलाच माणूस. शेषरावांना भरून आलं, पण ते कोणाला दिसणं शक्य नव्हतं.

"सकाळी पापण्या चिकटतात? पू येतो?"

"नाई."

"खाज?"

"अशी, की डोया काढून पाट्यावर घासावा."

"दरवर्षी याच दिवसांत?"

शेषरावांनी आठवून पाहिलं. दरवर्षी याच दिवसांत.

"डोळे आले नाहीत तुमचे. वावडं आहे. शेवंतीचं." डॉक्टर बोरिकचं पाणी करता करता सांगू लागले. "असं समजा, प्रत्येकाच्या अंगात एक पोलीसपाटील असतो. चोर शिरला की तो गाव उठवतो. तुमचा पाटील जरा फाजील हुशार. शेवंतीचा पराग डोळ्यात उडाला की त्याला दरोडा वाटतो. मग तो सगळं गाव उठवतो, लाठ्याकाठ्या, पाण्याचे हंडे. सूज अन् पाणी हे दरोड्याचं नाही, तुमच्याच गावकऱ्यांचं."

"अन् दुसऱ्याले लागते का हे?" अन्नपूर्णाबाई.

"मुळीच नाही. थंड पाण्याच्या घड्या ठेवा. चोळू नका, चोळलं की पाटलाला आणखी जोर चढतो. या पाण्यानं डोळे धुवा, अन् ते फूल घरात आणू नका. तीन दिवसांत उतरेल."

शेषरावांना इतका आनंद झाला की त्यांनी तिथंच मागणी केली, "डॉक्टरसाहेब, एवढं कागदावर लिहून द्या."

"देतो की. पण दाखवणार कोणाला?"

"तहसीलदार साह्यबाले."

डॉक्टरांनी लेखणी खाली ठेवली. "म्हणजे तुम्ही त्यांना सांगणार, की तुमच्यासाठी रडलो नाही, फुलामुळे रडलो?"

शेषराव उठले आणि कागद न घेताच घरी आले.

पण थंड घड्यांनी सूज उतरली आणि डोक्यातही एक विचार उतरला. तोंडानं सांगायचंच कशाला? साहेब जायच्या दिवशी मोटर-अड्ड्यावर कोरड्या डोळ्यांनी, हसतमुखानं उभं राहायचं. ते पाहतील, मनात खट्टू होतील, आणि आपण होऊन नाद सोडतील. कोणाच्या तोंडावर काही मारायला नको. बेत निर्दोष होता. शेषरावांचे सगळेच बेत निर्दोष असत.

फक्त तोपर्यंत कचेरीत दुसरी बातमी पसरली होती. साहेबांनी शेषरावांची शिफारस बढतीसकट केली आहे, असं तुळशीरामानं दारामागून ऐकलं होतं. एका टोपलीभर रडण्यात बढती! त्या दिवशी मोटर-अड्ड्यावर सारी कचेरी सकाळपासून हजर होती आणि प्रत्येकाच्या हातात रुमाल होता. रंगरावांच्या रुमालात कापलेला कांदा होता. तुळशीरामानं तपकिरीची सबंध चिमूट डोळ्यांत घातली होती आणि तो खरोखरच आईला हाक मारत होता. साहेब आले तसा एकच आकांत झाला. मोटरीचा ड्रायव्हर हँडल हातात घेऊन टोपी काढून उभा राहिला; त्याला वाटलं कोणी गेलं.

या सगळ्यात शेषराव तेवढे कोरडे. स्वच्छ डोळे, तुळतुळीत दाढी, ओठांवर हसू. शेवंतीपासून दहा हात लांब, वारा जिकडून येतो त्या बाजूला. अब्दुल गनी आणि अन्नपूर्णाबाई मागं उभे.

साहेबांनी गळ्यात हार घालून घेतले. सर्वांवरून नजर फिरवली. रंगरावांच्या रुमालाचा वास त्यांना आला असावा. ते एक पाऊल मागं सरले. मग ते सरळ शेषरावांकडे आले.

"पाहा," ते सर्वांना म्हणाले, "हे रडतात, कारण हे मागं राहणार. हा हसतो, कारण हा माझ्यासोबत येणार."

शेषरावांचं हसू तसंच राहिलं, कारण ते काढून कुठं ठेवायचं हे त्यांना सुचेना.

तेव्हा अन्नपूर्णाबाई पुढं झाल्या. पदर डोक्यावर, नजर जमिनीवर, आवाज मात्र साऱ्या अड्ड्याला पुरेल एवढा.

"साह्यब, मोठ्या मानसासमोर बोलू नये, पन बोलतो. त्याइले शेवंतीचं वावडं हाय. डाक्टरानं सांगतलं. ते काही तुमच्यासाठी रडले नाई."

कचेरीचा आकांत थांबला. तुळशीरामाचा तेवढा चालू होता, त्याला इलाज नव्हता.

उकंडराव साहेबांनी शेषरावांकडे पाहिलं. "खरं आहे का रे?"

शेषरावांना फक्त होय म्हणायचं होतं. घर, संध्याकाळचा पट, ताटातलं वरण, सगळं त्या एका शब्दापलीकडे मांडून ठेवलेलं होतं. त्यांनी तोंड उघडलं आणि साहेबांचा चेहरा पाहिला. पंगतीत बसवून, पान वाढून, पहिला घास उचलल्यावर 'तुम्ही या पंगतीचे नव्हे' म्हणून उठवलेला माणूस असा दिसतो.

"नाही साहेब," शेषराव म्हणाले. "हिला गाव सोडवत नाही, म्हणून बोलते. वावडं-बिवडं काही नाही. मी रडलोच होतो."

अन्नपूर्णाबाईंचं तोंड उघडं राहिलं. साऱ्या संसारात त्यांच्याजवळचे शब्द संपलेले शेषरावांनी प्रथमच पाहिले, आणि घरी गेल्यावर ते व्याजासकट परत येतील हेही त्यांना दिसलं.

साहेबांनी गळ्यातल्या हारांकडे पाहिलं. मोटरीचा ड्रायव्हर खाकरला. मग साहेब अन्नपूर्णाबाईंना म्हणाले, "बाई, मी कोणाचं घर उठवत नाही. ठेवा त्याला इथंच. बुलढाण्याला मी सांगतो." आणि मोटरीच्या पायरीवर एक पाय ठेवला.

ठेवला, आणि पुन्हा खाली घेतला. गळ्यातला पहिला हार काढून त्यांनी तुळशीरामाच्या हातावर टाकला. मग दुसरा. मग सगळेच. कोटाला चिकटलेल्या पाकळ्या दोन्ही हातांनी झटकल्या, पुन्हा एकदा झटकल्या. आणि मग येऊन त्यांनी शेषरावांना घट्ट मिठी मारली.

मोटर धूळ उडवत घाटाच्या दिशेनं गेली. कचेरी पांगली. तिघं घरच्या वाटेला लागले. अन्नपूर्णाबाई दहा पावलं पुढं, कारण त्यांनी आजपासून नवऱ्याशी बोलणं सोडलं होतं.

"एक समजलं नाई बे," अब्दुल गनी म्हणाला. "गळ्यात पडाच्या आंधी साह्यबानं हार काऊन काढले?"

शेषरावांनी वर उन्हाकडे पाहिलं.

"उकडत असन."

पुढं चालणाऱ्या अन्नपूर्णाबाई थांबल्या. मागं न वळता म्हणाल्या, "मार्गशीर्षात?"